हुळीतला वाघ

२ जानेवारी २००६

ही डायरी ह्यांना अमरगोळच्या अडत दुकानातून मिळाली. हे तिथं काट्यावर असतात, मिरचीची पोती तोलतात. डायरी दरवर्षी मिळते आणि दरवर्षी मी तिची पानं फाडून लोणच्याच्या बरण्यांची तोंडं झाकते. यंदा अंबूताई म्हणाल्या, फाडू नकोस, लिही. मी म्हटलं, मी चौथी नापास, काय लिहू. त्या म्हणाल्या, माझ्याशी भांडण्यात तुझी जी ताकद जाते त्यातली थोडी इथं खर्च कर.

अंबूताई म्हणजे माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही. शाळेत पोरांकडून अक्षरं गिरवून घेण्यात जन्म गेला. मी लग्न होऊन सप्तापूरच्या ह्या घरात आले तेव्हापासून त्या इथंच आणि तेव्हापासून आमचं भांडण. मीठ जास्त, साबण जास्त, माझा आवाज जास्त. गेल्या वर्षी त्यांच्या छातीत गाठ झाली. काढली, तर ती काखेत उगवली, मग आणखी कुठं कुठं. कॅन्सर. लिहून टाकलं. घरात हा शब्द कुणी काढत नाही, सगळे ‘ते’ म्हणतात. ‘ते’ म्हणायला तो काय जावई आहे?

हात दुखला. पुरे.

५ जानेवारी

काल हुबळीच्या दवाखान्यात आणखी एक सुई झाली. सुई म्हणजे बाटलीच, थेंब थेंब अंगात सोडतात. मी नर्सला विचारलं, गाठ काखेत आहे तर औषध सगळ्या अंगात कशाला पाठवता. ती म्हणाली, रक्ताला पत्ता माहीत नसतो हो. येताना बसमध्ये अंबूताईंनी तीनदा तोंड पिशवीत घातलं. मघाशी कंगवा मागितला आणि स्वतःच हसल्या. डोक्यावर केस कुठं आहेत?

संध्याकाळी माडीवरची दीपश्री खाली आली. ही आमची भाडेकरू. घराणं हुबळीचंच, पण वडील रेल्वेत, म्हणून पोरगी झाशीत वाढली, हिंदी शाळेत. आता इथं युनिव्हर्सिटीत काहीतरी शिकून डॉक्टर होणार आहे, पण सुईवाली डॉक्टर नाही. तिला ळ म्हणता येत नाही. काळा म्हणजे काला, डोळा म्हणजे डोला. अंबूताई रोज तिच्याकडून घोटून घेतात, पोरी, जीभ मागं वळव, वर टाळूला लाव आणि सोड. ती वळवते, लावते, सोडते आणि ल पडतो.

मी तिला नर्सचं बोलणं सांगितलं. तर ती म्हणाली, “काकू, मी तेच काम करते. रक्ताला पत्ता शिकवायचं.”

मग तिनं सांगितलं ते असं. औषधाचा एक कण घ्यायचा. केसाचे उभे हजार भाग केले तर एक भाग, एवढा. त्याला वरून खोळ घालायची. ती खोळ रक्तात बंद राहते. गाठीपाशी पोचली की तिथलं पाणी वेगळं असतं, ते लागलं की खोळ सैल होते आणि औषध तिथंच सुटतं. केस राहतात, पोट राहतं. मी म्हटलं, वेगळं म्हणजे कसं. ती म्हणाली आम्ल. आम्ल काय मला कळेना. तिला आपलं कानडी दाखवायची हौस, म्हणाली, “अहो काकू, गाठीत हुली असते.”

अंबूताई पडल्या होत्या त्या उठून बसल्या. कानडीत हुळी म्हणजे आंबट आणि हुली म्हणजे वाघ. ळ चा ल केला की ताटातलं रानात जातं.

“अगंबाई,” अंबूताई म्हणाल्या, “म्हणून ही गाठ रात्रीची गुरगुरते.”

कितीतरी दिवसांनी त्या अशा हसल्या. हे दारात चपला काढत होते, एक चपल हातात धरून तसेच उभे राहिले.

६ जानेवारी

दुपारी मसाला निवडता निवडता डोळा लागला. स्वप्न पडलं. एक लाल नदी, लोणच्याच्या तेलासारखी, कोमट. तिच्यावर करंज्या तरंगत चालल्या होत्या. इवल्या इवल्या, कडेला मुरड घातलेल्या, एकीचीही मुरड सुटलेली नाही. काही आवाज नाही. दोन्ही काठांना केस होते, लांब, काळे, पाण्यात सोडलेले, अंबूताईंचे पूर्वीचे. करंज्या त्यांना लागून जात होत्या, पण केसाला काही होत नव्हतं. लांब वळणावर वाघ पाणी पीत होता. मी करंज्यांना म्हणत होते, चला, चला, तिकडं.

जागी झाले तर हातात धणे.

९ जानेवारी

मी विचार केला. दीपश्रीची खोळ आंबट लागलं की उघडते. बरं. मग माणसानं रोज सार प्यायचं, ताक प्यायचं, लिंबू पिळायचं, म्हणजे सगळं अंगच आंबट. करंजी पोटातच उघडणार. शिकलेल्या पोरीला हे सुचलं नाही, कारण ती मेसमध्ये जेवते.

म्हणून आजपासून ह्या घरात आंबट बंद. अंबूताईंचं अंग गोडं करून ठेवायचं. आंबट राहील ती एक गाठच. मग औषध येऊ दे, दुसरीकडं जायला त्याला जागाच नाही.

चिंच, आमसूल, ताक, लिंबू, टोमॅटो, सगळं बाहेर. लोणच्याच्या बरण्या शेजारच्या रुक्मिणीबाईंच्या पडवीत नेऊन ठेवल्या. सप्तापूरच्या निम्म्या मेसना माझं लोणचं जातं. त्यांना सांगितलं, उन्हाळ्यापर्यंत दुसरीकडं बघा. हे म्हणाले, डॉक्टरांना विचारलंस का. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारून केस राहिले का.

अंबूताईंना सगळं समजावून सांगितलं, करंजीसकट.  मला वाटलं आता हेडमास्तरीण जागी होणार. पण त्या म्हणाल्या, “बरं. तू म्हणशील तसं.”

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

१४ जानेवारी

संक्रांत. आजचा दिवस गोडाचाच, त्यामुळं सोपा. कालच्या भोगीच्या भाजीतही चिंच नव्हती, कुणी बोललं नाही. अंबूताईंनी तिळगुळाचा एक दाणा जिभेवर ठेवला आणि विचारलं, इंदू, नुसती ताकाची निवळी चालेल का, वरची, पाण्यासारखी? मी म्हटलं, नाही.

त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. रुसल्या असतील. रुसू देत.

२७ जानेवारी

आज नवल बघितलं.

दीपश्रीनं युनिव्हर्सिटीतून काचेची छोटी बाटली आणली. खाली लाल दाणे, राजगिऱ्याएवढे. म्हणाली, खरे कण डोळ्यांना दिसत नाहीत, हे मोठे केलेत, हात बसायला. आत औषध नाही, नुसता रंग. बाटलीत पाणी होतं आणि पाणी स्वच्छ. हलवलं तरी स्वच्छ. मग ती म्हणाली, लिंबू द्या. मी म्हटलं, घरात नाही. रुक्मिणीबाईंकडून आणलं, पण मी तिला पायरीवरच पिळायला लावलं, उंबऱ्याच्या आत नाही. अंबूताईंची खुर्ची दारात ओढली.

रस पडला. थोडा वेळ काहीच नाही. मी म्हणणार होते, होत नाहीये तुझं. तेवढ्यात एक दाणा फुगला, मऊ झाला आणि त्याच्यातून लाल धागा निघाला. वर चढला, वळला, पसरला. मग दुसऱ्यातून. उन्हं उतरली होती, बाटलीच्या पलीकडं गुलमोहराची सावली. सगळी बाटली हळूहळू संध्याकाळ झाली.  रस्त्यावरून सायकली जात होत्या त्या लांबून गेल्यासारख्या वाटल्या.

हीच माझी करंजी. मी आधीच बघितली होती.

अंबूताई डोळे मिटून बसल्या होत्या. मी म्हटलं, अहो बघा की. त्या म्हणाल्या, “बघितलं ग. वास घेतेय लिंबाचा.”

मी लिंबाचं साल लांब फेकून दिलं.

८ फेब्रुवारी

हुबळीला गेलो. डॉक्टरांनी ह्यांना एकट्याला आत बोलावलं. मी आणि अंबूताई बाकावर. समोर एक लहान मुलगी टक्कल केलेल्या बाहुलीला फडक्यात गुंडाळत होती. हे बाहेर आले आणि सरळ गेटबाहेर गेले. बऱ्याच वेळानं परत आले ते केळी घेऊन. म्हणाले, “आता सुया नकोत म्हणाले. बंद केल्या. घरीच ठेवा, हवं ते खाऊ घाला.”

माझा जीव भांड्यात पडला. सुया बंद म्हणजे अंग मोकळं झालं. आता नवं औषध यायला रस्ता साफ. बसमध्ये मी अंबूताईंना हे सांगत होते आणि त्या खिडकीतून नवनगरकडची माळरानं बघत होत्या. त्यांनी माझा हात धरला. हात धरणं आमच्यात नाही. मी म्हटलं, उलटी येतेय का, पिशवी देऊ? त्या म्हणाल्या, नको, असंच.

ह्यांनी ती केळी कुणालाच दिली नाहीत. घरी आल्यावर बघितलं तर पार दाबून काळी केलेली.

२० फेब्रुवारी

अंबूताई पेज सुद्धा अर्धीच घेतात. मला धीर निघेना. दीपश्रीला जिन्यात गाठलं आणि विचारलं, तुझं औषध कधी होणार, सरळ सांग.

तिनं वही छातीशी धरली. म्हणाली, आत्ताशी उंदरांना देतोय.

“उंदीर माझ्या माळ्यावर पुष्कळ आहेत,” मी म्हटलं, “ते ने, पण लवकर कर. उंदरांचं झालं की पहिली बाटली आमची. त्यांचं अंग मी तयार ठेवलंय. महिना झाला, आंबटाचा थेंब नाही.”

ती कसंतरीच बघायला लागली. म्हणाली, कसला थेंब? मी म्हटलं, मग ताक बंद कशासाठी केलंय असं वाटलं तुला? म्हणाली, तोंड आलं असेल म्हणून असं वाटलं. मी समजावलं. ती तशीच पायरीवर बसली. मग उठून अंबूताईंच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. मी कान दिला, का खोटं लिहू, पण अंबूताईंचा आवाज आता इतका खाली गेलाय की ऐकू आलं ते एवढंच, “तिला नको सांगूस. तिला तेवढं राहू दे.”

काय राहू दे ते कळलं नाही.

बाहेर आली तेव्हा डोळे लाल. मी म्हटलं, ळ जमला नाही म्हणून बोलल्या काय तुला? ती म्हणाली, “हो काकू.”

मास्तरीण ती मास्तरीणच. आजाऱ्यानं इतकं लागून बोलू नये.

२६ फेब्रुवारी

दुपारी पुन्हा तीच नदी. करंज्या कमी होत्या आणि सावकाश चालल्या होत्या. वाघ काठावर अंग टाकून पडला होता. मला वाटायचं मोठा असेल, तर साधाच होता, बरगड्या दिसत होत्या. माझ्याकडं बघून त्यानं जांभई दिली. मी म्हटलं, तुला काय पाहिजे? तो अंबूताईंच्या आवाजात म्हणाला, सार.

४ मार्च

अंबूताईंची चादर बदलताना उशीखालून चिंचोके पडले. मूठभर. चोखून चकचकीत केलेले.

मला दिसेनासं झालं. मी ओरडले. गल्लीत ऐकू गेलं असेल, जाऊ दे. म्हटलं, मी पोट भरायचं लोणचं सोडलं, बरण्या परक्याच्या पडवीत ठेवल्या, ते ह्यासाठी? सगळं नासवलंत. आता औषध आलं तरी उघडेल कुठंतरी भलतीकडं. कुणी आणून दिली? हे कोपऱ्यात उभे होते. म्हणाले, मी. अमरगोळात चिंचेची पोती फुटतात, खिशातून आणतो. मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही.

दीपश्री धावत खाली आली. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, “काकू, खाल्ल्यानं रक्त आंबट होत नाही. रक्त आपलं आपण सांभालतं. आत्यांनी चिंच खाल्ली न खाल्ली सारखंच. मी आधीच सांगायला हवं होतं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

तिनं माझे हात सोडले आणि अंबूताईंकडं बघितलं.

अंबूताई म्हणाल्या, “मी नको म्हटलं तिला. तुला काहीतरी करायला हवं होतं, इंदू. नुसती बसलीस की तू माणसांना चावतेस.”

मी म्हटलं, म्हणजे मी मूर्ख.

“नव्हे ग. त्या करंज्या तू सांगायचीस ना, मला त्या दिसायच्या. सुईपेक्षा बरं वाटायचं.” त्यांना धाप लागली, थांबल्या. मग म्हणाल्या, “ते औषध होईल. ही पोरगी करेल, नाहीतर आणखी कुणी. पण ते माझं नाही. माझ्यापर्यंत पोचायला त्याला फार वर्षं लागतात. डॉक्टरांनी गोविंदाला आत बोलावून सांगितलं ते मला त्याच्या पाठीवरूनच कळलं. तुला एकटीला कळेना.”

चिंचोके खाली विखुरले होते. मी एक एक उचलले. वाकून बसलं की तोंड दिसत नाही.

५ मार्च

काही केलं नाही. चूल पेटवली, विझवली. ह्यांनी चहा केला. चांगला नव्हता. प्याले.

७ मार्च

पहाटेच रुक्मिणीबाईंच्या पडवीतून बरण्या परत आणल्या. दोघींनी उचलल्या तरी माझी कंबर गेली. मग बाजारात गेले. कैऱ्या यायला लागल्यात, लहान, कोवळ्या, कोय अजून मऊ. निवडून घेतल्या. बाई म्हणाली, किती चिवडता. मी म्हटलं, गप बस.

एक कैरी चिरली. मीठ, तिखट. अंबूताईंना टेकवून बसवलं आणि पातळ काप जिभेवर ठेवला. त्यांचा एक डोळा मिटला, खांदा वर गेला, सगळं तोंड बारीक झालं. अंगात एवढा जीव शिल्लक होता हे मला माहीत नव्हतं.

“दात आंबले,” त्या म्हणाल्या. “आणखी दे.”

तीन काप खाल्ले. मग चिंचेचं सार वाटीभर, ओठ लावून लावून. मी बाजूला बसून कैरी खाल्ली, माझेही दात आंबले. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्यात तिखटाचे कण तरंगत होते, बंद, कुठंच जायची घाई नसलेले. आम्ही दोघी बघत बसलो.  बाहेर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं, फार लांबून, दुसऱ्याच गावातून मारावी तशी.

मग त्या म्हणाल्या, “लोणचं घाल ह्यांचं. मीठ कमी.”

“कमी मिठानं नासेल.”

“बरं, तू म्हणशील तसं. मुरायला किती लागतात?”

मी म्हटलं, दीडेक महिना. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, “मुरलं की पहिली फोड माझी.”

मी म्हटलं, हो.

१९ मार्च

अंबूताई सकाळी गेल्या. मी पेज घेऊन गेले तेव्हा अंग कोमट होतं. नदीसारखं.

मीठ कमी घातलं होतं. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

३० एप्रिल

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिलं नाही म्हणून कुणी रागावलंही नाही.

आज बरणी उघडली. नासलं नाही. दीपश्रीला हाक मारली, हे सुट्टीवर होतेच. दीपश्री म्हणाली, काही उंदरांची गाठ लहान झालीय, काहींची नाही. का नाही ते बघायचंय. मी म्हटलं, किती वर्षं? ती म्हणाली, माहीत नाही काकू. पूर्वी मी ह्यावर ओरडले असते. लोणचं मुरतं ते बरणीसमोर उभं राहून मुरत नाही, हे मला तरी कळायला हवं होतं. मी म्हटलं, कर सावकाश, पण सोडू नकोस. सोडलंस तर भाडं वाढवीन.

पहिली फोड अंबूताईंच्या ताटलीत ठेवली. तिघं ताटलीकडं बघत बसलो. मग हे उठून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. अशानं काय होतंय, मुंग्या येतील. मी ताटली उचलून दीपश्रीपुढं केली. म्हटलं, खा, तू त्यांची शेवटची विद्यार्थिनी.

तिनं फोड तोंडात टाकली. कैरी कोवळी आणि मीठ कमी, त्यामुळं आंबट असं की बघणाऱ्याच्या कानशिलात कळ यावी. तिचा एक डोळा मिटला. खांदा वर गेला. आंबटानं जीभ आत ओढली गेली, मागं वळली, टाळूला लागली आणि सुटली.

“हुळी,” ती म्हणाली.

हे वळले. तिनं तोंडावर हात ठेवला, तिलाही ऐकू आलं होतं.

मी म्हटलं, परत म्हण.